मीठ मी आणलेलं

बायको गेली त्याला सहावा महिना चालू आहे. घरात बसवत नाही आणि बाहेर जायला जागा उरली नाही, अशी माझी गत. सकाळी उठतो, खाडीच्या बाजूला चालत जातो. जिथे आमचा बांध होता तिथे आता एका बिल्डिंगची भिंत आहे. त्या भिंतीला हात लावतो आणि परत फिरतो. घरी आलो की पडवीच्या कोपऱ्यात बरणी दिसते. मग पुन्हा चपला घालतो.

शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तीही रडतखडत. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. पण गेल्या आठवड्यात सून म्हणाली, "बाबा, कैऱ्या आल्यात बाजारात. बरणी घालायची ना? मग शेजारच्या वहिनींना कधी बोलवू? मला तर हात लावता येणार नाही, आपल्या घरची रीत आहे."

मी हूं म्हटलं आणि उठून गेलो. तेव्हापासून जेवण उतरत नाही. आपल्या घरची रीत म्हणे. ती रीत कशी पडली हे माहीत असलेला एकच माणूस आता जिवंत आहे, आणि तो मी.

आमचं गाव म्हणजे आत्ता कोपर स्टेशन आहे त्याच्या खालच्या अंगाला. तेव्हा स्टेशन नव्हतं. डोंबिवलीला उतरायचं आणि बांधाबांधाने चालत यायचं. गावापुढे खारी जमीन, तिच्यात भात, त्यापुढे खाडी. दिवाळीनंतर भात घरात आलं की आमच्यातले पुरुष ठाण्याकडच्या मिठागरावर जायचे ते जेठ लागेपर्यंत तिथेच. मधे सणावाराला घरी. बाप जायचा, मग त्याच्याबरोबर मी जायला लागलो. पायाच्या भेगा तेव्हाच्या, त्या अजून आहेत.

लढाई संपलेली, स्वातंत्र्य आलेलं, तरी धान्य रेशनवरच होतं. डोंबिवलीत लोक पिशव्या घेऊन रांगा लावायचे. माझी आई एकदाही रांगेत उभी राहिली नाही. म्हणायची, "ज्याच्या घरात मीठ न् वाल, त्याचं दुसऱ्याच्या दारात काय काम?" आम्ही विकत घ्यायचो ते रॉकेल, गूळ आणि कापड. बाकी सगळं घरातलं, आणि ते वर्षभर टिकवायची अक्कलही घरातली. चिंच मीठ लावून गोळे करून ठेवलेली. सुकट उन्हात कडकडीत करून डब्यात. वालाला राख चोळलेली. आई राख इतकी घालायची की बाप विचारायचा, "हे जेवायला काढलंस का नदीत सोडायला?" आई म्हणायची, "तुमाला कीडा चावून खायची हौस आसल तर सांगा, येगलं ठेवते."

पण या सगळ्यात मान होता तो बरणीला. चिनी मातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी, माझ्या गुडघ्याच्या वर येईल एवढी. आईला तिच्या सासूने दिलेली. तिच्यात चैत्रात अख्ख्या कैऱ्या खाऱ्या पाण्यात घालायच्या. झाडावरून हाताने उतरवलेल्याच, भुईला लागलेली एकही नाही. वर घासलेला दगड, त्यावर फडकं, फडक्याला गाठ. पावसाळ्यात ताजी मासळी नसली की बोंबलाच्या कालवणात त्या कैरीची फोड पडायची. ज्याने ती खाल्ली नाही त्याला मी काय सांगू.

आता मिठाचं. नवं मीठ कडू असतं. दुकानातलं खाणाऱ्याला हे ठाऊक नसतं. वाफ्यातून ओढून काढलेलं मीठ दिसायला पांढरंशुभ्र, पण त्याच्या अंगात एक कडू पाणी असतं. रास करून ठेवलं, एक पावसाळा खाऊ दिला, की ते पाणी गळून जातं. म्हणून आई दर वैशाखात एक मोठी टोपली मिठाने भरून चुलीमागे टांगायची, खाली मडकं. पावसाळाभर टोपली थेंब थेंब गळायची. ते मडक्यातलं पाणी जिभेला लावलं तर थू करावंसं वाटे. पुढच्या चैत्रापर्यंत टोपलीतलं मीठ धुराने काळपट झालेलं असे, दिसायला अगदी भिकार. कैऱ्यांना लागायचं ते हेच. मीठ पिकवायचे पुरुष आणि मीठ ठेवायच्या बायका. ठेवण्यातलं आम्हाला काही कळत नसे, आणि कळत नाही हेही कळत नसे.

टोपली भरायचं काम मात्र मिठागरावरून येणाऱ्याचं. बाप थकला, तेव्हा ते माझ्यावर आलं. माझं लग्न व्हायच्या आधीच्या वैशाखात आईने सांगितलं, काठोकाठ भर. मला जायचं होतं कुस्त्या बघायला. मी टोपलीत तळाला माडाच्या झावळ्या कोंबल्या आणि वर चार बोटं मीठ पसरलं. दिसायला टोपली भरलेली. आई म्हणाली, "आज लवकर झालं रं तुझं." मी म्हटलं, "हात चालतो माझा."

पुढच्या माघात लग्न झालं. बायको शीळफाट्याच्या आतल्या एका गावातली, डोंगराच्या बाजूची. तिच्या माहेरी मीठ बाजारातून यायचं. आमच्या भावकीतल्या बायकांनी तिला पहिल्या दिवशीच ऐकवलं, "मीठ विकत घेनाऱ्यांची पोर आनलीव, आता बरनीचं काय?" कारण आमच्यात रीत अशी होती की नव्या सुनेने पहिल्या चैत्रात बरणी एकटीने घालायची. सासू सांगणार, पण हात सुनेचा. मग लावणी संपली की ज्यांनी ज्यांनी शेतात हात दिला त्या सगळ्यांच्या पंक्तीत ती बरणी उघडायची. कैरी चांगली निघाली तर सासू बरणीचं फडकं सुनेच्या हातात देणार. फडकं दिलं म्हणजे कणगी, वाल, चिंच, सगळं तिच्या हवाली. नाही निघाली तर? तसं तोपर्यंत कधी झालेलं नव्हतं.

गावदेवीच्या जत्रेला मी मिठागरावरून दोन दिवस घरी आलो. आई देवळाकडे गेलेली बघून बायकोने मला चुलीमागे बोलावलं.

"अवो, टोपलीत मीठ नाय. वर दिसतं तेवढंच हाय. खाली झावल्या."

मी हसायला गेलो. ती हसली नाही.

"आयेला सांगू का?"

"नको नको. आई माझं टालकं फोडल. मी आनतो."

"जुनं आनाल ना? आये म्हंते नवं चालत नाय."

"आगं मिठागरावर राहनारा मी, मला शिकवतेस?"

आठ दिवसांनी गठुडं घेऊन आलो. जुनी रास मिठागराच्या पलीकडच्या टोकाला होती. मुकादमाला विचारायला लागलं असतं, झाकलेले पेंढे काढून पोटातलं मीठ उकरायला लागलं असतं, अर्धा दिवस गेला असता. माझ्या वाफ्याच्या काठावर आदल्याच दिवशी ओढलेलं मीठ पडलेलं होतं. मला घरी जायची घाई होती. नवं लग्न झालेलं, आणखी काय सांगू. ते भरलं आणि निघालो.

तिने गठुडं सोडलं. "एवढं पांढरं?"

"राशीच्या पोटात पांढरंच रातं. कालं होतं ते वरचं."

तिने मान हलवली. मीठ पिकवणाऱ्याचा शब्द तिला पुरला. एक खडा जिभेवर ठेवून बघितलाही, पण मीठ विकत घेणाऱ्यांच्या घरची ती, तिला कशाशी ताडून बघणार? तिने ते टोपलीतल्या काळ्या मिठात मिसळलं, झावळ्या काढून चुलीत घातल्या, आणि दोन दिवसांनी बरणी घातली. आई दारात बसून सांगत होती. ही एकेक कैरी पुसून अशी ठेवत होती, जसं काही झोपलेलं मूल ठेवतेय. आईसुद्धा म्हणाली, "हात हलका हाय पोरीचा."

लावणी संपली त्या दिवशी पंक्तीला वीसेक माणसं. अंगाला चिखल, पाऊस उघडझाप करतोय, ओटीवर पत्रावळी मांडलेल्या. बायकोने नवं लुगडं नेसलेलं. आईने गाठ सोडली, कैऱ्या निघाल्या त्या कशा, सोन्यासारख्या पिवळ्या, घट्ट. अर्ध्या कालवणात गेल्या, अर्ध्यांच्या फोडी पानाच्या डावीकडे. भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने पहिली फोड तोंडात घातली. घातली आणि बाहेर काढून पानावर ठेवली.

"कडू लागतंय गं."

मग दुसरी, मग तिसरी. एकजण म्हणाली, "कारल्याच्या मांडवाखालून आनलीव का काय सून?" कोणीतरी म्हणालं, "डोंगराकडचा गुन तो." सगळे हसले. कालवणही तसंच, एका म्हाताऱ्याने भात बाजूला सारून पाणी मागितलं. आईने हातातली पळी कालवणात तशीच सोडली. तिच्या सासूच्या बरणीला पहिल्यांदा बट्टा लागलेला.

"मीठ कुठचं घेतलंस गं?" आईने विचारलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. एकदाच बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "टोपलीतलंच, आये."

माझ्या झावळ्या तिने झाकल्या. भर पंक्तीत, सहा महिन्यांच्या संसारात. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "काय कडू नाय. मना तं बरी लागते." आणि लागोपाठ तीन कैऱ्या खाल्ल्या. लोकांना वाटलं काय बायकोवेडा आहे. मलाही वाटलं मी तिची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं."

पण त्या वेळी पंक्तीत आई एवढंच म्हणाली, "मग हातच कडू हाय हिचा," आणि फडकं पिळून आपल्या कमरेला खोचलं.

संध्याकाळी विहिरीवर गेलो तर बायको राखेने हात घासत होती. घासायची, वास घ्यायची, तळवा जिभेला लावायची. मला बघून थांबली.

"तुमी आनलेलं ते जुनंच व्हतं ना?"

खरं बोलायची वेळ होती तर ती होती. विहिरीवर दुसरं माणूस नव्हतं. आईचे दोन फटके पडले असते, चार दिवस गावाने चिडवलं असतं, आणि संपलं असतं. पण वीस-एकवीस वर्षांच्या माणसाला बायकोपुढे लबाड ठरायचं नसतं. मी म्हटलं, "जुनंच."

"मग मीच," ती म्हणाली आणि पुन्हा हात घासायला लागली.

पुढच्या वर्षी टोपली मी काठोकाठ भरली. त्यानंतर दर वर्षी भरली, कोणी न सांगता, दोन वर्षांचं जुनं मीठ राशीच्या पोटातून उकरून आणून. आई म्हणायची, सुधारला पोरगा. बरणीला मात्र चुलतभावाची बायको यायची. ती कैऱ्या घालायची आणि माझी बायको दोन हात लांब, हात पदरात घेऊन, बसून बघायची. कुठली कैरी घ्यायची, पाणी किती निवू द्यायचं, मिठाचा थर कुठे जाड आणि कुठे पातळ, सगळं तिने डोळ्यांनी शिकून घेतलं. दोन-तीन वर्षांत अशी तयार झाली की चुलतभावाची बायकोच तिला विचारायला लागली, "आता बास का गं?" वाल, चिंच, सुकट यातलं काही तिच्या हातून कधी बिघडलं नाही. एकदा मी म्हटलं, "बघ, कडू असता तर वाल पन कडू झालं असतं. घाल की या वर्षी तूच." तशी माझ्याकडे रागाने बघून म्हणाली, "आनि पुन्ना कडू झाली तर? तुमी खानार हाव तीन कैऱ्या?" मी चपला घातल्या. एवढ्यावर येऊन मी गप्प बसायचो. असा किती वेळा गप्प बसलो ते मोजलं नाही.

लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा आई अंथरुणाला लागली. एक दिवस तिने बायकोला जवळ बोलावलं, उशाखालून फडकं काढलं. आमची थोरली तेव्हा नुकती चालायला लागलेली, ती ते फडकं ओढायला लागली. आई म्हणाली, "घे. घर तुझं. पन बरनीला हात दुसरीचा घालत जा, बाय. जिचं घर तिनं लांब बसून बगावं. तुझ्या घरात तसंच असूंदे." आईला तिला दुखवायचं नव्हतं. उलट तिच्या कमीपणाची तिने रीतच करून टाकली, म्हणजे कोणी बोलायला नको. बायकोने फडकं डोळ्याला लावलं आणि रडली. मी पायाशी उभा होतो. तोंड उघडलं. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "पानी दे गं थोडं."

बस. त्यानंतर आई आठ दिवसांत गेली.

पुढची सगळी वर्षं आमच्या घरात बरणी शेजारणीच्या हाताने भरली गेली. शेतं गेली, मिठागर गेलं, घर पक्कं झालं. पडवी तेवढी बायकोने ठेवायला लावली, टोपली टांगायला. जाडं मीठ मी कुठून कुठून शोधून आणायचो. आणि ती लांब बसून सांगायची. नंतर नंतर तर तिला त्याचा तोराच होता, "आमच्यात घरची बाई हात लावत नाही." ते ऐकलं की मी मनाशी म्हणायचो, आता हिला खरं सांगून काय मिळवायचं? आहे त्यात खूश आहे. हे सगळं मी माझ्या सोयीसाठी म्हणायचो, दुसरं काही नाही. कारण तिला मी एकदा बघितलंय, म्हातारपणी, दुपारी पडवीत एकटीच बसलेली असताना. तळवा नाकाशी नेऊन वास घेत होती.

शेवटच्या दुखण्यात सुनेला म्हणाली, "टोपली भरलेय. चैत्रात वहिनींना बोलव. तू हात लावू नकोस हां." मी तेव्हाही पायाशीच उभा होतो.

काल कैऱ्या आणल्या. सून कल्याणची, शिकलेली, बोलायला तिखट, सासूला आई म्हणायची. भाजी निवडत बसलेली. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. झावळ्या, गठुडं, विहीर, आईचं फडकं, सगळं. ती निवडायची थांबली.

"आणि आईंना हे कधीच सांगितलं नाहीत?"

"नाय."

"एवढ्या वर्षांत?"

"नाय म्हटलं ना."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग मला का सांगताय? तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून?"

"तू हात लावावास म्हनून. तुझ्या हाताला काय झालेलं नाय. तिच्या पन नव्हतं."

"मी नाही लावणार." तिने भाजी बाजूला सारली. "कडू तुम्ही केलंत ना? मग यंदा तुम्हीच घाला. मी लांब बसते, आई बसायच्या तिथे."

मला वाटलं ती रागाने बोलतेय, विसरेल. आज सकाळी पडवीत येऊन बघतो तर कैऱ्या धुऊन कापडावर पसरलेल्या, पाणी उकळून निवत ठेवलेलं, टोपली उतरवलेली. मळकट मीठ, बायको असताना भरलेलं शेवटचं. मी एक खडा तोंडात टाकला. खारट, फक्त खारट.

उभं आयुष्य मिठात काढलेला माणूस मी, पण बरणीत हात घातला तर कळेना, आधी काय. सून दोन हात लांब बसली. "आधी तळाला मीठ. मूठ नाही बाबा, ओंजळ. आता कैरी, देठ वर. आपटू नका, आई ओरडायच्या." तिला सगळं पाठ होतं. बायकोने तिला न करता शिकवलेलं, जसं स्वतः शिकली तसंच. भेगांमध्ये मीठ गेलं, हात चुरचुरायला लागले. दोनदा उठलो, दोनदा तिने बसवलं. "अर्धवट टाकून कुठे निघालात? बसा."

पाणी ओतलं, दगड ठेवला, फडकं टाकलं. दोरी बांधायला घेतली तर बोटं ओली, गाठ सुटून सुटून जाते. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा ती उठली आणि गाठीवर आपलं बोट दाबून धरलं. मी आवळली. तिने बोट काढलं, पदराला पुसलं नाही, तशीच परत जाऊन बसली.

"उघडायची कधी?" मी विचारलं. "लावनी तर आता कोनाचीच नाय."

"आषाढात. शेजारच्या सगळ्यांना बोलवू जेवायला."

"आनि कडू निघाली तर?"

"तर सांगू सगळ्यांना," ती निवडायच्या भाजीची परात पुढ्यात ओढत म्हणाली, "सासऱ्यांनी घातलेली."